पुढचं मूल

(टोंगा देशातल्या वावाऊ बेटांपैकी एक. दुपार. तोआकासे आणि तिच्या नवऱ्याची, सेमिसीची, थोरली बहीण लोसालिने चटई विणत बसल्या आहेत.)

लोसालिने: आणि मुलगी झाली तर नाव आमच्या आईचंच ठेवायचं, हे मी पाद्रीबाईंनाही सांगून ठेवलंय. माझ्या घरी वाढणार, तर नावही मीच ठेवणार. पात घट्ट ओढ गं, तुझ्या बाजूला सैल पडतंय.

तोआकासे: वन्सं, जरा थांबा. मी काल नेइआफूच्या इस्पितळात जाऊन आले.

लोसालिने: बोटीनं? अशा दिवसांत, एकटी? मला म्हणाली असतीस तर आले असते की. काय म्हणाले?

तोआकासे: मला दिवस गेलेले नाहीत.

लोसालिने: मग हे चार महिने काय होतं? अंगाची आग, घाम, उगाच पोरांवर ओरडणं?

तोआकासे: डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. पोटात काही नाही. पाळी जायला लागलीय माझी.

लोसालिने: एकोणचाळिसाव्या वर्षी? माझीसुद्धा पन्नाशीला गेली.

तोआकासे: त्यांनाही ते लवकरच वाटलं. म्हणून विचारलं, पोटाचं काही ऑपरेशन झालंय का.

लोसालिने: धाकटी मेलेनाइते झाली तेव्हाचं सांगितलंस ना? केवढं रक्त गेलं होतं तुझं. मी बाहेरच बसले होते.

तोआकासे: त्याच वेळी माझ्या नळ्याही कापून बांधल्या, वन्सं. डॉक्टर म्हणाले, सहावं बाळंतपण हिला झेपायचं नाही, पाच पोरं पोरकी होतील. मी हो म्हटलं.

लोसालिने: सहा वर्षं झाली त्याला.

तोआकासे: हो.

लोसालिने: आणि सहा वर्षं तू मला पुढच्या मुलाच्या आशेवर ठेवलंस.

तोआकासे: तुम्ही मूल मागितलंत तेव्हा मी अजून इस्पितळातच होते. घरी आले तर ह्यांनी शब्द देऊन टाकला होता.

लोसालिने: सेमिसीला ठाऊक नसेल.

तोआकासे: कागदावर सही त्यांचीच आहे.

लोसालिने: सही करून आला आणि मला हो म्हणाला?

तोआकासे: काय करतील ते? थोरल्या बहिणीला नाही म्हणायची सोय आहे का आपल्यात? आणि बायकोच्या नळ्या बांधल्या, हे भावानं बहिणीपुढे कुठल्या तोंडानं बोलावं? टीव्हीवर नवराबायको जवळ बसलेले दिसले तरी तुमच्यासमोरून उठून अंगणात जातात.

लोसालिने: जातो खरा. लहानपणापासूनच जातो.

तोआकासे: मी सांगायला हवं होतं. दर वर्षी ठरवायचे, यंदा सांगू. आणि मग पाळी चुकली. नर्स तेव्हा म्हणाली होती, नळ्या बांधल्यावरही एखादीला दिवस जातात. मला वाटलं, देवानं ह्यांचा शब्द राखला. खरंच वाटलं, वन्सं. म्हणून धावत आले तुमच्याकडे.

लोसालिने: त्या कापाकापीनंच झालं का हे?

तोआकासे: ठाम सांगता येत नाही म्हणाल्या. नळीला आणि अंडाशयाला रक्त नेणाऱ्या शिरा अगदी जवळजवळ असतात. नळी बांधताना त्यांना धक्का लागला, तर एखादीची अंडाशयं लवकर थकत असतील. बायकांच्या एका पाहणीत तसं दिसतं, दुसरीत दिसत नाही. पुष्कळजणींना काहीच होत नाही. माझं ऑपरेशनाशिवायही असंच झालं असतं, कुणी सांगावं.

लोसालिने: तेव्हा यातलं काही कानावर घातलं होतं?

तोआकासे: नाही. जीव वाचेल, एवढंच म्हणाले. तो वाचला.

लोसालिने: पस्तावतेस?

तोआकासे: सगळं सांगितलं असतं तरी मी हेच केलं असतं. पण सांगायला हवं होतं त्यांनी. मग चार महिने पोटावर हात ठेवून झोपले नसते मी.

लोसालिने: आणि मी नाव शोधत बसले नसते.

तोआकासे: वन्सं, तुम्ही आता मेलेनाइतेला मागाल का? हक्क आहे तुमचा. काल बोटीत सगळा वेळ माझ्या डोक्यात तेच होतं. ह्यांना नाही म्हणता येणार नाही. मलाही येणार नाही.

लोसालिने: मागितली तर देशील?

तोआकासे: देईन. आणि तुम्हाला दिसणार नाही अशी रडेन.

लोसालिने: सहा वर्षांच्या पोरीला आईपासून उठवून आणू, आणि काय करू? ठेव तुझ्याकडेच. आणि हे बघ, मला कळलंय हे सेमिसीला सांगू नकोस.

तोआकासे: का?

लोसालिने: लाजेनं पुन्हा माझ्या दारात यायचा नाही तो. एकच भाऊ आहे मला.

तोआकासे: मग लोकांना काय सांगायचं? पाद्रीबाईंनी तर रविवारी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली.

लोसालिने: पाद्रीबाईंना मी बघते. तुझा हिशेब चुकला, दिवस नव्हतेच, म्हणून सांगेन. आणि मूल मीच नको म्हटलं. या वयात जागरणं कोण करणार?

तोआकासे: आणि ह्यांना?

लोसालिने: त्यालाही मीच सांगेन, नको म्हणून. सुटेल बिचारा.

तोआकासे: आणि तुमचं काय, वन्सं?

लोसालिने: मी बसते जरा एकटी. तू नीघ, तुझी पोरं शाळेतून आली असतील.