मानाच्या क्रमानं इंटरनेट

यार, धानोऱ्याकडच्या एका जंगल ऑफिसात मी राऊटर बसवाले गेलो होतो. लाइन एकच, कॉम्प्युटर सहा. म्हणून हेडक्लर्कले विचारलं, “भाऊ, कोणतं काम आधी गेलं पाहिजे? राऊटरले तसं सांगतो, बाकीचं मागं थांबते.”

त्यानं सिनियॉरिटीची यादीच आणली. साहेब पहिले, वणव्याचे रिपोर्ट पाठवणारी सुलभाबाई सहावी.

“भाऊ, कामाची यादी मांगतली, माणसाची नाई.”

“साहेबाच्या आधी बाईचं गेलं, तं माह्यं काय होईन?”

दिलं तसंच लावून.

उन्हाळ्यात मी तिथंच प्रिंटर पाहून राह्यलो होतो, अन् जंगल पेटल्याची खबर आली. लेखी रिपोर्ट गेल्याशिवाय गडचिरोलीवरून माणसं निघत नाई. अन् सुलभाबाईचा रिपोर्ट काही जाईना. साहेब माह्यावरच भडकले. पाह्यलं, तं त्याहीच्याच कॉम्प्युटरवर साळ्याच्या लग्नाचा व्हिडिओ उतरून राह्यला होता.

“साहेब, हे थांबवा, रिपोर्ट लगेच जाते.”

“नव्वद टक्के झालाय. तेवढा होऊ द्या. आग काय पळून चालली?”

आग तेवढ्यात दोन टेकड्या पुढं गेली. तिले सिनियॉरिटीची यादी कोणी दाखवलीच नव्हती.