चुलीजवळचं दफडं

—च्या घ्या ना, भैयालालजी, च्यावर माहा राग नाई. पण त्या तुमच्या ऑर्केस्ट्राचं कौतुक माह्या क्वार्टरात नोका करू. ऑर्केस्ट्रा म्हणे! छातीवर बाजा बांधलेला कारखान्यातला रशियन, बंगाली बाबूची सतार, तिकडं मद्रासी मडकं बडवून राहिला, अन् तुमी हार्मोनियम घेऊन त्यायच्या मांगं धावून राहिले — सेक्टर सहाच्या बजारात याहून बरा गलका असते. अन् त्यात आमचा नत्थू, माहा सख्खा लहाना भाऊ, दफडं घेऊन! मी आलो नाई. कावून येऊ? नागपूरले धम्म घेतला अन् वस्तीतली समदी दफडी आमी जाळली. यानं बापाचं तेवढं लपवून ठेवलं. बाप कसा वाजवे, मालूम हाय? पाटलाच्या वरातीपुढं, कोसभर चालत. अन् मांडव आला का पाटील म्हणे, आत पाय ठेवू नोको. म्हणून मी नत्थूले सांगतलं — हे वाजवाचं असन त माह्या घरात पाय ठेवू नोको...

हं. त तवापासून तो तिकडं नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीवर राहून राहिला. अन् आता तुमाले पाठवलं, घरी येऊ का म्हणून.

अन् त्या रातच्या तुमच्या कार्यक्रमात वाजवलं तरी धड? थंडीचे दिवस, दव पडून राहिलं, कातडं सैल — भद, भद. शेकल्याबिगर दफडं बोलत नाई, एवढंही विसरला गधा! मंग धावला मंडपामांगं, कचरा पेटवला. त्या रशियनले वाटलं, हिंदुस्थानातला रिवाजच असन — त्यानंही आपला बाजा आणला आगीवर धराले! एवढा मोठा इंजिनिअर, अन् अक्कल पाहा. भाता जळला असता, मीच हात धरला त्याचा, म्हटलं अरे बाबू—

काय? नाई, आलो नाई म्हणजे... पानठेल्यावर चाललो होतो. रस्ता तिकडूनच जाते. आग दिसली, थांबलो. नत्थूसंग एक अक्षर बोललो नाई. दफडं घेतलं, शेकलं, देल्लं, बस. मंग कनातीच्या फटीतून पाह्यलं जरासं. खुर्चीवर बसून होता तो. खुर्चीवर, भैयालालजी, समद्यायच्या मधात! बापाले जिंदगीत कोणी बसून वाजवू नाई देल्लं... त काय झालं मोठं? खुर्ची मंडपवाल्याची होती, किरायाची. अन् तुमचा रशियन तालाच्या पुढं पुढं पळे, नत्थूनंच आवरला त्याले. तुमाले कायले समजते!

चला, उठा आता, माही ड्युटी हाय. त्याले सांगा, येवाचं असन त ये म्हणा. पण ते दफडं घरात आणाचं नाई. ओसरीत ठेव म्हणा, बाहेर.

...ओसरीले ओल हाय. चुलीजवळ ठेव म्हणा. जा तुमी.