पाचवा प्रश्न

(अमरावतीचं शासकीय विश्रामगृह. पैशासाठी होणाऱ्या बॉक्सिंगवर बंदी घालावी की नियम करावेत, यावर समितीची जनसुनावणी. टेबलाच्या एका बाजूला समितीच्या गीतांजली मॅडम. दुसऱ्या बाजूला अकोल्यात बॉक्सिंग शिकवणारे खुशालराव आणि त्यांचा चेला कुलदीप. पंखा चालू आहे, त्याचा उपयोग कागद उडवण्यापुरता.)

खुशालराव : तं मंग कुस्तीवर बी बंदी आणा न मॅडम. कबड्डीवर आणा. वरातीत नाचतानी लोकायचे दात पडतेत, त्याच्यावर बी आणा.

गीतांजली : वरात समितीच्या कक्षेत येत नाही, खुशालराव. मुद्द्यावर या. तुमचं म्हणणं, बंदी नको.

खुशालराव : नकोच. शनिवारी अकोल्याले ह्या कुलदीपची लढत हाये. चौकाचौकात बॅनर लागले. त्याच्यावर पुढाऱ्याचा फोटो याच्याहून मोठा हाये, पण हा हाये. आता बंदी आली तं पोट्ट्यानं तोंड कोठी दाखवाचं?

गीतांजली : बंदीऐवजी नियम करावेत, असाही एक मसुदा आहे. ऐका. लढत संपल्यावर डॉक्टर खेळाडूला चार प्रश्न विचारतील. नाव काय, गाव कोणतं, आत्ता कुठे आहेस, समोर कोण होता. एकही उत्तर चुकलं, तर डोक्याला मार बसला असं धरून त्याला सहा महिने लढता येणार नाही.

खुशालराव : हे तं आमच्या इथं आदीपासूनच चालू हाये! आमचे डॉक्टर हेच चार प्रश्न विचारतेत. आजवर माहा एकबी पोट्टा नापास नाई झाला. लिहून घ्या.

गीतांजली : एकही नाही?

खुशालराव : एकबी नाई. मांगच्या लढतीत हा कुलदीप असा पडला, का मले वाटलं गेला. उठवला, डॉक्टरनं विचारलं, अन् यानं धडाधड उत्तरं देल्ली.

गीतांजली : हे कसं जमतं?

खुशालराव : तयारी, मॅडम. आदीच पाठ करून घेतो.

गीतांजली : काय पाठ करून घेता?

खुशालराव : उत्तरं. प्रश्न चारच असतेत न. रोज सरावाच्या बाद घोटून घेतो. झोपेतून उठवून विचारा, सांगते पोट्टा.

गीतांजली : अहो, डोकं ठिकाणावर आहे की नाही, हे बघायला असतात ते प्रश्न.

खुशालराव : म्हणून तं! ऐन वक्ताले डोकं ठिकाणावर नसते, अन् पोट्टा चुकते. बिचाऱ्यानं मार बी खावा अन् नापास बी व्हावं? मंग मी कायले हावो?

गीतांजली : म्हणजे पेपर फोडता.

खुशालराव : फोडाले तो बंद होता काय? साऱ्या जिल्ह्याले माईत हाये.

गीतांजली : कुलदीप, तुम्ही काहीच बोलला नाहीत.

कुलदीप : कुलदीप उत्तमराव. भातकुली. अकोला. गोवर्धन.

गीतांजली : मी अजून काही विचारलं नाही.

खुशालराव : पाह्यलं? विचाराच्या आदी! शनिवारी समोर गोवर्धन हाये, त्याचं बी नाव आत्तापासून पक्कं.

गीतांजली : कुलदीप, आज सकाळी काय खाल्लंत?

कुलदीप : सर?

खुशालराव : मॅडम, हा प्रश्न त्याच्यात नाई.

गीतांजली : नाही. हा पाचवा.

खुशालराव : सांग न रे बापू. आत्ताच तं बडनेऱ्याले उतरलो. हातगाडीपाशी उभं राहून खाल्लं. दही वरून मागून घेतलं तुनं.

कुलदीप : भातकुली.

खुशालराव : गाव नाई विचारून राहिल्या त्या. खाल्लं काय? गिला वडा न?

कुलदीप : गिला वडा.

खुशालराव : हां! सांगतलं पाहा.

गीतांजली : तुम्ही सांगितलंत. कुलदीप, आपण आत्ता कुठे आहोत?

कुलदीप : अकोला.

खुशालराव : अरे, अमरावती हाये हे! इथंच शाळा शिकला न तू. मॅडम, लढती साऱ्या अकोल्याच्या, म्हणून तेच तोंडात बसलं. अन् तो पहिलेपासून बोलतेच कमी. म्हणजे... पहिलेपासून नाई. मांगच्या लढतीपासून. त्याच्या आदी लय बडबड करे. गाडीत डोकं खाये माहं.

गीतांजली : मग गप्प झाला, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

खुशालराव : मले वाटलं, समजदार झाला.

कुलदीप : सर, पास झालो?

खुशालराव : झाला बापू. बस तू. पाणी पे.

गीतांजली : खुशालराव, तुमचं निवेदन संपवायचं का? बंदी नको, एवढंच लिहू?

खुशालराव : जरा थांबा. माहा जीव घाबरून राहिला. पोट्ट्याच्या मायनं माह्या भरवशावर पाठवला याले.

गीतांजली : घ्या, तुम्हीही पाणी घ्या.

खुशालराव : शनिवारी हा लढत नाई. बॅनर मी सोता काढतो. आत्ता इथून सरळ दवाखान्यात नेतो याले.

गीतांजली : आणि निवेदन?

खुशालराव : लिहा. बंदी नका आणू. पण प्रश्न बदला. दर खेपेस येगळे विचारा.

गीतांजली : कोणते विचारायचे?

खुशालराव : ते मले सांगू नका.