दोघांच्या मधलं माप

(रविवार सकाळ, सायकलचं दुकान. नवऱ्याच्या खांद्यावर दहा महिन्यांची मुलगी झोपली आहे, बायकोच्या हातात परवा इथूनच घेतलेली सायकल.)

बायको: आधी हे कोपर बघा, मग बोला.

मिस्त्री: अरे बापरे! कुठे पडलात?

बायको: सिग्नलला. थांबायला गेले, तर पाय जमिनीला लागेचना. मधला दांडा हा एवढा उंच. जागच्या जागी आडवी झाले, अख्ख्या रस्त्यादेखत.

नवरा: अगं, होईल सवय. सुरुवातीला सगळेच...

बायको: तू थांब. तुझा नंबर नंतर.

नवरा: हळू. उठेल ती.

बायको: हळूच बोलतेय. दहा महिने झाले, धड भांडलेलीसुद्धा नाही मी तुझ्याशी. सगळी भांडणं कुजबुजत. मिस्त्री, तुम्ही माझं माप घेतलं होतं ना? भिंतीला पाठ टेकवून, पायांत पुस्तक धरून?

मिस्त्री: घेतलं होतं. वहीत आहे. अठ्ठेचाळीस सेंटीमीटरची फ्रेम.

बायको: आणि ही?

मिस्त्री: बावन्न.

बायको: मग दिलीत कशी?

मिस्त्री: वहिनी, मी साहेबांना विचारलं होतं, चालवणार कोण. ते म्हणाले...

बायको: ताई म्हणा. आज वहिनी नको. आज मी ह्याची कोणी लागत नाही.

मिस्त्री: बरं, ताई. साहेब म्हणाले, दोघं.

बायको: दोघं?

नवरा: अगं, साधा हिशोब आहे. तू चालवणार रविवारचे दोन तास. उरलेला आठवडा ती जिन्याखाली धूळ खाणार. मला छप्पन्नची लागते, तुला अठ्ठेचाळीसची. म्हटलं, मधली घ्यावी.

मिस्त्री: चपला घेतानाही असंच करता का साहेब?

नवरा: तुम्हीच विकलीत ना?

मिस्त्री: विकली. चुकलंच माझं. म्हटलं, नवरा-बायकोच्या मधे आपण कशाला पडा.

बायको: पडले मी! परवा पोरीला लस टोचलेली, अंग तापलेलं, म्हणून मला येता आलं नाही. माझ्या शिकवण्यांचे पैसे तुझ्या हातात दिले. आणि निरोप काय होता? दोन शब्द. निळी, लहान.

नवरा: त्या निळीचा रंग उडालाय. गियर बदलायचं तर दांड्यावर हात न्यावा लागतो, इतकी जुनी. तेवढ्याच पैशांत ही चकाचक मिळत होती. आपलं बजेट लहान म्हणून काय तुला भंगार आणून द्यायचं?

मिस्त्री: भंगार नाही हं साहेब. चेन, ब्रेक, बेअरिंग, सगळं मी ह्या हातांनी बदललंय. रंगावर सायकल चालत नाही.

बायको: तीन रविवार उभी होते मी इथे. सात सायकलींवर बसून पाहिलं. ब्रेकपर्यंत बोटं पोचली ती त्या एकीवर. घरी येऊन तुला सगळं सांगत होते. तू हो हो करत मोबाईल बघत होतास.

नवरा: ऐकत होतो मी.

बायको: हो? हँडलची टेप कुठल्या रंगाची, सांग.

नवरा: काळी?

मिस्त्री: पांढरी. म्हणजे, होती कधीतरी.

नवरा: बरं बाई, चुकलं. पण एका सायकलवरून किती तोंडसुख घेशील?

बायको: सायकलवरून नाही रे. माझी उशी आता तिची. माझ्या ताटातला पहिला घास तिचा. बाथरूमचं दार दहा महिने उघडं, तिला मी दिसले नाही तर रडते म्हणून. आणि मला आवडतं ते. दुपारी पोटावर पाय टाकून झोपते ना, तर अंग आंबलं तरी मी हलत नाही. पण एक वस्तू, अरे एकच, माझ्या पायांच्या मापाची हवी होती मला. तिच्यातही तू तुझे पाय घातलेस.

नवरा: मला वाटलं, दोघांची म्हटलं की तुलाही बरं वाटेल.

बायको: विचारायचंस ना मग. धूळ खाईल तर खाऊ दे. माझी म्हणून खाऊ दे.

नवरा: मिस्त्री, परत घ्याल का ही?

मिस्त्री: घेतो. पडल्यामुळे टेप फाटलीय, तेवढी तुमच्याकडून. निळी काढू का ताई?

बायको: आहे अजून?

मिस्त्री: आतच ठेवलीय. परवा साहेब गेले तेव्हाच वाटलं होतं, तुम्ही येणार... हां, बसा. टाच पेडलवर. गुडघा सरळ होतोय? झालं. आता सीटवरून उतरून दांडा दोन पायांच्या मधे घेऊन उभ्या राहा. पाय?

बायको: टेकले. दोन्ही टेकले.

नवरा: रडतेस का?

बायको: कोपर झोंबतंय. मी पुलापर्यंत जाऊन येते.

नवरा: आत्ता? आणि ही उठली तर?

बायको: पिशवीत बाटली आहे. थर्मासमधे पाणी आहे.

नवरा: पावडर किती चमचे?

बायको: दहा महिने झाले!

नवरा: म्हणूनच विचारतोय.

बायको: डब्यावर लिहिलंय. वाचता येतं तुला.

मिस्त्री: ताई, पुलाच्या अलीकडे डाव्या अंगाला खड्डा आहे. जपून.

नवरा: गेली?

मिस्त्री: गेल्या.

नवरा: ही चुळबुळ करायला लागली बघा. मला इथून हलता येत नाहीये, रस्ता दिसत नाही. तिनं हात केला का हो मला?

मिस्त्री: हात केला. पण तुम्हाला नाही, साहेब. वळायचं होतं त्यांना.