झिजायला दिलेले पत्रे

जुई, ईशान, तुम्ही शाळेच्या निबंधात लिहिलंत की आमच्या आजीने एका गावाला शुद्ध पाणी दिलं. तुमच्या बाबाने फोनवर वाचून दाखवलं. ते खरं नाही. म्हणून आजच सांगते. शेजारची वर्षा, तेव्हाची माझी विद्यार्थिनी, लिहून घेते आहे.

मी वलगावची, मास्तरांची मुलगी. अमरावतीला रसायनशास्त्र शिकले, अकोल्याला कॉलेजात लागले आणि जन्मभर एकच काम केलं. पाण्यात अॅल्युमिनियमचे पत्रे सोडायचे, वीज द्यायची. पत्रा हळूहळू विरघळतो, त्याचा गाळ होतो, तो गाळ पाण्यातलं फ्लोराइड धरून खाली बसतो. पत्रा झिजतो म्हणूनच पाणी सुधारतं, एवढं लक्षात ठेवा.

पूर्णेकाठच्या एका गावात फ्लोराइडमुळे मुलांचे दात तपकिरी पडलेले, हसताना पोरी तोंडावर पदर, ओढणी, जे असेल ते धरायच्या. तिथे यंत्र बसवलं. तिथलं खारं पाणी पिणाऱ्याला छळतं, पण वीज त्यातून झकास जाते, मला वाटलं आता जिंकलो. सरपंच कमलताईंच्या हाती चावी दिली आणि म्हणाले, ताई, याला जपा हं.

दर महिन्याला जात होते. नमुने उत्तम. वर्षाने सहज पत्रे काट्यावर ठेवले, तर वजन जवळजवळ तेवढंच. हे कसं शक्य आहे? विचारलं, तर कमलताई मोठ्या अभिमानाने म्हणाल्या, मॅडम, थे पत्रे झिजून राहिले होते ना, मंग आमी बंद ठेवलं. तुमी यायच्या दिवशीच चालू करतो. लग्नातला नवा हंडा कोणी रोज वापरते काय? यंत्रावर त्यांनी जुनं लुगडं पांघरलं होतं, धूळ नको म्हणून.

आणि पोरं काय पितात? मी विचारलं. हापशीचंच पितात न बाई, दुसरं काय पितीन?

मी संतापले. अहो, ते झिजायलाच दिलेत! कमलताई म्हणाल्या, मंग हे पयलेच काहून नाही सांगतलं? तुमीच तं म्हटलं होतं जपा म्हणून.

खरं होतं. इंग्रजी अहवालात पानंच्या पानं लिहिली होती, त्यांना एक वाक्य सांगितलं नव्हतं. यंत्राला पैसे देणाऱ्या समितीला मी कळवलं, चूक माझी आहे, पद्धतीची नाही, अजून एक वर्ष द्या. त्यांनी शेरा मारला, ग्रामीण भागात अव्यवहार्य, आणि वीजजोडणी काढून नेली. पुढे मी निवृत्त झाले. तो शेरा वाचून अजूनही डोकं तापतं.

गेल्या महिन्यात कमलताईंचा फोन आला होता. नातवाचेही दात तसेच तपकिरी आहेत म्हणाल्या. यंत्र पंचायतीच्या खोलीत आहे. पत्रे शाबूत आहेत.