चार पिवळी शिंगं

“अगं, गोगलगाय ती, राणी नव्हे!”

वीस वर्षं झाली, नॉर्वेतल्या आमच्या बेटावर फेरीबोटीच्या रांगेत ऐकलेला तोर्लाइव्हचा तो आवाज अजून कानात आहे. ट्रॉलरने समुद्रातलं केल्पचं, म्हणजे उंच समुद्री शेवाळाचं, रान कापायचा त्याचा परवाना कुणीतरी अर्ज करून अडवला होता. सुनावणीला तो लेकीला, समुद्रात बुड्या मारून तळ पाहणाऱ्या रांगहिल्डला, घेऊन निघाला होता.

“नखाएवढी आहे, बाबा. पांढरीशुभ्र, अंगावर पिवळ्या रेघा, कपाळावर चार पिवळी शिंगं.”

“आणि खाते काय? माझा परवाना?”

“केल्पच्या पानांवर बारीक जीव पांढरी नक्षी विणतात, तेच खरवडून खाते.”

“पाच वर्षांनी एकदा कापतो आम्ही. रान परत उभं राहतं.”

“तोवर तिने उपाशी राहायचं?”

“माझ्या ट्रॉलरवर वाढलीस तू! पहिली गोगलगाय मीच ठेवली होती तुझ्या तळहातावर.”

“हो. म्हणून तर.”

“म्हणून तर काय?”

फेरीचा भोंगा वाजला, तरी ती जागची हलली नाही.

“अर्ज कुणी केला, महिनाभर सगळ्या बेटाला विचारत फिरलास. मला नाही विचारलंस. मी केला, बाबा. आज तिथे माझंच नाव पुकारतील.”