चांगला अर्थ लावायचा!

नाही, पण तुम्ही मला एक सांगा, माणसाने माणसाशी चांगलं वागावं, कबूल, शंभर वेळा कबूल, पण किती? त्याला काही सुमार आहे की नाही? आज सकाळचीच गोष्ट घ्या. प्रार्थना संपली, मी ऑर्गनचं झाकण लावतोय, तर आमच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या, माझा हात दोन्ही हातांत घेतला, कानाजवळ तोंड आणलं आणि म्हणतात कशा, "सर, आज काय वाजवलंत! अंगावर काटा आला!" आता मी काय वाजवलं होतं, ते शेवटी सांगतो, नाहीतर तुम्ही आत्ताच उठून जाल. पण बाईंच्या डोळ्यांत पाणी! खरं पाणी! माणसं वाईट नाहीत हो... वाईट असती तर एव्हाना भांडून मोकळा झालो असतो!

तर मी शाळेत ऑर्गन वाजवतो. लूथरन शाळा आमची, लूथरन हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ. आणि तुम्हाला सांगतो, लूथरन माणसाला एक वेळ उपदेश नसला तरी चालेल, हे आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगू नका, पण गाणं पाहिजे. सकाळी घंटा झाली की पहिलीच्या पोरांपासून पाळकसाहेबांपर्यंत सगळे प्रार्थनेला चॅपलमध्ये उभे, आणि चार आवाजांत असं दणदणीत गातात की खिडक्यांच्या काचा थरथरतात. आणि या सगळ्यांना पुढे ओढून नेणारा कोण? ऑर्गन! म्हणजे मी! आधी माझे वडील वाजवायचे, मग मी. पुढे विजेचा ऑर्गन आला, आवाजाचे भोंगे मागच्या भिंतीवर गेले, पण बाकावर बसायचं ते आमच्याच घरातल्या माणसाने.

मग ते करुणेचं खूळ आलं. खूळ म्हणू नये... चांगला अर्थ लावायचा. झालं काय, विज्ञानाचे सर आणि खेळाचे सर, यांचं शिक्षकांच्या खोलीतल्या खिडकीवरून बिनसलं. एकाला ती उघडी हवी, एकाला बंद. दोघं एकमेकांशी पाळकसाहेबांमार्फत बोलायला लागले! पाळकसाहेब वैतागले आणि एका सकाळी त्यांनी बायबलातल्या दहा आज्ञांमधली आठवी काढली. आठवी म्हणजे शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष द्यायची नाही, ती. आमच्याकडे पोरांना शिकवताना तिच्यापुढे असंही सांगतात, की खोटं बोलायचं नाही एवढ्यावर भागत नाही, शेजाऱ्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावायचा. "आजपासून," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा, मधात बुडवून काढलेला, "आजपासून, प्रियजनहो, या शाळेत कुणी कुणाला दुखावणार नाही. चांगला अर्थ लावायचा!"

लावला! सगळ्यांनी लावला! मैदानात एक पोरगा दुसऱ्याच्या तंगडीत तंगडी घालतो, आणि पडलेला गुडघ्याचं रक्त पुसत म्हणतो, "तुझा पाय तिथे विश्रांती घेत असेल." गणिताच्या बाई चुकलेल्या उत्तरावर फुली मारीनात, शेजारी लिहायच्या, 'उत्तर मनापासून आलंय.' शिक्षकांच्या खोलीतला चहा म्हणजे नुसतं गरम पाणी, पण बोलायची कुणाची बिशाद? विज्ञानाचे सर घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "आज चहा किती संयमी झालाय!" आणि ती खिडकी? अर्धी उघडी. दोघांचीही गैरसोय आणि दोघंही हसतायत. माणसं वाईट नाहीत हो!

आता घरी माझी थोरली बहीण, आक्का. माझं लग्नाचं राहिलं ते राहिलंच, तिचा नवरा गेला, तेव्हापासून दोघं एका घरात. तिचा या करुणेशी काडीचा संबंध नाही. जीभ म्हणजे नुसती किसणी! एका संध्याकाळी मी बातम्या ऐकत बसलोय, तर ही टीव्हीच्या पुढ्यात येऊन उभी. "अरे ठोंब्या, तू बहिरा झालायस!" मी म्हटलं, "काय?" "हे बघ! शेजारी भिंतीवर बुक्के मारतायत, आणि तुला वाटतंय बातम्यांत युद्ध चाललंय!"

नेलं मला ओढत कानाच्या डॉक्टरकडे. डॉक्टर आमच्या शाळेतला नव्हता, म्हणून त्याने सरळ सांगितलं. वरचे सूर गेलेत, खालचे जायला निघालेत, परत कुणीच यायचे नाहीत. कानातलं यंत्र घाला, समोरच्याचं बोलणं थोडंफार कळेल, गाण्याचं मात्र विसरा. हे सगळं मला आक्काने बाहेर आल्यावर ओरडून सांगितलं. माझ्या आधी रस्त्यातल्या लोकांना कळलं. घरी येऊन मी रडलो. सांगायला लाज कसली? लहान पोरासारखा रडलो, आणि आक्का शेजारी बसून म्हणत होती, "रड, रड. पण उद्या शाळेत जाऊन खरं ते सांग."

गेलो. कानात यंत्र घालून बाईंना म्हटलं, "बाई, माझे कान गेले. मी काय वाजवतोय ते मलाच कळत नाही. मला थांबवा." आता याला उत्तर काय असावं? 'बरं!' बस, संपलं! पण नाही... बाईंनी पाळकसाहेबांना बोलावलं, संगणकाच्या सरांना बोलावलं, तिघं माझ्याभोवती खुर्च्या ओढून बसले आणि इतक्या प्रेमाने बघायला लागले की मला वाटलं, मी गेलोय आणि हे अंत्यदर्शनाला आलेत. "सर, तुमच्याशिवाय हे चॅपल म्हणजे..." पाळकसाहेबांनी रुमाल काढला. बाई म्हणाल्या, "तुम्ही फक्त बाकावर बसा. बाकीचं आम्ही बघतो." बाकीचं आम्ही बघतो! इथेच मला संशय यायला हवा होता की नाही? नाही आला. चांगला अर्थ लावायची सवय!

आणि दुसऱ्या दिवशी काय विचारता! हात पट्ट्यांवर टेकवले आणि... अहो, ऐकू आलं! कित्येक महिन्यांनी भरभरून सूर कानांवर आले. माझ्या बोटांच्या जरा मागेपुढे होत होते, पण म्हटलं, ऑर्गनचंही वय झालंय. तरुणपणी वाजवायचो ना, अगदी तसं! डॉक्टर गेला खड्ड्यात. मी नाचतच घरी आलो.

आक्का म्हणाली, "मी येते ऐकायला." आली. मागच्या भिंतीपाशी बसली. जेवताना समोर बसली, आणि त्या दिवशी ओरडली नाही, ओठ दिसतील अशी, सावकाश म्हणाली, "तो ऑर्गन बंद आहे रे. तार काढून ठेवलीय. तो संगणकवाला मागे बसून तुझं जुनं रेकॉर्डिंग लावतो, कानठळ्या बसतील एवढ्या मोठ्याने."

मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "आक्का, तुझ्या मनात विष आहे. तुला माझं चांगलं बघवत नाही." आणि म्हणालो, "शाळेतली माणसं बघ आणि तू बघ. तुझ्यात करुणा नाही!" जिने लहानपणी बोट धरून मला त्याच चॅपलमध्ये नेलं, तिला! ती उठली, आपलं ताट धुतलं, माझंही धुतलं, बॅग भरली आणि दुसऱ्या गावी मुलीकडे निघून गेली. मी तिला अडवलंसुद्धा नाही.

मग एका सकाळी चष्मा पडला. इतकी साधी गोष्ट. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं, मी हात उचलले, आणि चष्मा नाकावरून घसरला तो खाली पायपट्ट्यांत. मी वाकलो. वाकलो कसला, बाकाखाली शिरलो म्हणा ना! पार्श्वभाग सगळ्या चॅपलकडे, डोकं खाली, दोन्ही हात जमिनीवर चाचपडतायत... आणि ऑर्गन वाजायला लागला! पहिली ओळ. दुसरी ओळ. आणि तिसऱ्या ओळीत ती चूक आली. शाळेच्या सुवर्णमहोत्सवात रेकॉर्डिंग केलं होतं, तेव्हा माझी डावी करंगळी घसरली होती, तीच चूक! म्हणजे बाकाखाली मी, आणि भिंतीवरच्या भोंग्यात मी!

डोकं वर काढलं. सगळं चॅपल गातंय आणि माझ्याकडे बघतंय. संगणकाच्या सरांचा चेहरा पांढराफटक. आणि पहिलीतली पोरं, तुम्हाला सांगतो, एवढीएवढीशी पोरं, त्यांनाही ठाऊक होतं! एक हसलं नाही! म्हातारा बाकाखाली अडकलाय, ऑर्गन आपोआप वाजतोय, आणि पहिलीतलं पोर हसत नाही? काय शिकवलं असेल हो त्यांना! त्यांचे ते शहाणे चेहरे मला बघवेनात.

मग मी काय करायला हवं होतं? ओरडायला? उठून जायला? बाई अशा घाबरून उभ्या होत्या की मी दुखावलो तर त्याच कोसळतील. मी चष्मा घातला, बाकावर बसलो, हात पट्ट्यांवर ठेवले आणि चौथी ओळ धरली. आणि सगळ्यांनी मिळून जो सुटकेचा श्वास टाकला ना, तो मला ऐकू आला! त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला कळलं नाही. आता त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की कळलं? केवढी मनं मोडतील त्यांची! माणसं वाईट नाहीत हो...

तेव्हापासून रोज सकाळी बंद ऑर्गन वाजवतो. सुरुवातीला इमानाने गीतच वाजवायचो. आता मनाला येईल ते. आज सकाळी काय वाजवलं, ते सांगायचं राहिलं होतं, नाही का? आज मी सगळं गीतभर पट्ट्यांवर नुसते बुक्के मारले. तोंड हसरं ठेवून. त्यावर बाईंच्या अंगावर काटा आला.

राहता राहिली आक्का. तिच्या दारात जाऊन उभं राहायचं धाडस होत नाही, म्हणून रोज फोन करतो. म्हणतो, "आक्का, ऑर्गन बंदच होता. तूच खरं बोललीस. परत ये." मग ती बोलते. पुष्कळ बोलते! पण यंत्र घालूनसुद्धा फोनमधलं मला अक्षर कळत नाही, नुसती खरखर. लिहून कळव म्हणावं, तर लिहिणं तिला कधी जमलं नाही, जे असेल ते तोंडावर. बरं, दुसऱ्या कुणाच्या कानाला फोन लावू म्हटलं, तर माझी माणसं कोण? शाळेतली! ती ऐकतील आणि डोळ्यांत पाणी आणून सांगतील, "सर, त्यांना तुमची फार आठवण येते." मग खरं काय, ते मला कसं कळायचं?

म्हणून एकटाच फोन कानाला लावून बसतो. पलीकडून आपली खरखर, खरखर... शिव्या घालत असणार. ठोंब्या म्हणत असणार. असणारच ना? आता मी तरी दुसरं काय करू... चांगला अर्थ लावायचा!